उलटी फेरी : डिस्नेच्या ट्रॅकवरची लॅम्बोर्गिनी आणि उजवीकडच्या सीटवरचा माणूस

माझ्या चाळिशीला बायकोने गिफ्ट म्हणून लास वेगासजवळच्या एका ट्रॅकवरचे पाच लॅप बुक केले होते, लॅम्बोर्गिनी हुराकानमधले, कारण तसंही आम्ही तिच्या बहिणीकडे अमेरिकेला चाललोच होतो आणि तिच्या मते मी यूट्यूबवर गाड्या बघत आयुष्य घालवण्यापेक्षा एकदा चालवून मोकळं व्हावं. बुकिंगचा ईमेल आला आणि मी काय केलं तर परत यूट्यूबच, दुसऱ्यांचे लॅप बघत बसलो, आणि तिथून घसरत घसरत रात्री दीड वाजता ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या ट्रॅकवर २०१५ मध्ये झालेल्या लॅम्बोर्गिनीच्या ॲक्सिडेंटवर पोचलो. त्यातही गिफ्टच होतं, बायकोनेच दिलेलं, वाढदिवसाचंच. झोप उडाली म्हणजे उडालीच.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, सेफ्टी बघतो, त्यामुळे कुठलाही ॲक्सिडेंट वाचला की ‘चूक कोणाची’ याच्या आधी ‘गार्ड, म्हणजे माणसाला वाचवणारा आडोसा, कुठे होता’ हा प्रश्न डोक्यात येतो, धंद्याची सवय आहे ती. आणि या केसमध्ये गार्ड होता, चांगला लोखंडी होता, फक्त त्याचं तोंड चुकीच्या बाजूला होतं. मला ही केस लिहून काढावीशी वाटली ती एवढ्यासाठीच.

आधी जागा समजून घ्या. फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, मॅजिक किंगडमच्या पार्किंगला लागून, एक साधारण एक मैलाचा म्हणजे १.६ किलोमीटरचा तिकोनी ओव्हल (लंबगोल) ट्रॅक होता, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड स्पीडवे. १९९५ मध्ये बांधून झाला, आणि तो बांधला होता इंडियानापोलिस मोटर स्पीडवे या नावाजलेल्या रेस ट्रॅकवाल्यांनी, म्हणजे कुठल्या गल्लीतल्या काँट्रॅक्टरने नाही. इंडियानापोलिसला जुन्या विटांमुळे ब्रिकयार्ड म्हणतात म्हणून याला लोक गमतीने मिकयार्ड म्हणायचे, आतल्या मोकळ्या जागेत मिकीच्या डोक्याच्या आकाराचं तळंसुद्धा होतं. इंडी रेसिंग लीग या अमेरिकन रेस मालिकेची अगदी पहिली रेस इथेच झाली, २७ जानेवारी १९९६ ला, बझ कॅल्किन्स जिंकला आणि टोनी स्टुअर्ट दुसरा आला. २००० च्या जानेवारीत याच ट्रॅकवर टेस्टिंग करताना सॅम श्मिटचा ॲक्सिडेंट होऊन तो मानेखाली लुळा पडला (हा तोच श्मिट जो नंतर टीमचा मालक झाला आणि पुढे डोक्याच्या हालचालीवर चालणारी कॉर्व्हेट त्याने इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर चालवून दाखवली, कधी वेळ मिळाला तर बघा, अंगावर काटा येतो). त्या वर्षानंतर मोठ्या रेस बंद झाल्या आणि ट्रॅक उरला तो पैसे भरून गाडी चालवणाऱ्या आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी.

तो धंदा चालवायचे रिचर्ड पेटी ड्रायव्हिंग एक्सपिरियन्सवाले. पेटी म्हणजे नॅस्कार या अमेरिकन रेस मालिकेतला किंग, सात चॅम्पियनशिप आणि २०० विजय, त्याच्या नावावर तुम्ही नॅस्कारसारख्या गाडीत बसून ओव्हलवर गरगर फिरायचं. पुढे त्याच लोकांनी त्याच ट्रॅकवर एक्झॉटिक ड्रायव्हिंग एक्सपिरियन्स काढला, म्हणजे फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्शा वगैरे, तुम्ही स्टीअरिंगवर आणि शेजारी त्यांचा इन्स्ट्रक्टर.

आता ओव्हल म्हटलं की अमेरिकेत गाड्या घड्याळाच्या उलट फिरतात, फक्त डावीकडे वळायचं, हे इतकं पक्कं आहे की ट्रॅकचा प्रत्येक बोल्ट ते धरून लावलेला असतो. पिटमध्ये (ट्रॅकशेजारची गाडी थांबायची जागा) शिरायची वाट कुठून, बाहेर कुठून पडायचं, ॲम्ब्युलन्सला आत यायला रेलिंगमध्ये फट कुठे ठेवायची आणि त्या फटीचं टोक कुठल्या दिशेने झाकायचं, सगळं. पण त्या काळातल्या बातम्यांमध्ये आणि मोटरस्पोर्टवर लिहिणाऱ्यांच्या लेखांमध्ये जी गोष्ट पुन्हा पुन्हा आली ती अशी की एक्झॉटिक गाड्या तिथे घड्याळाच्या दिशेने फिरवत होते, म्हणजे ट्रॅक ज्यासाठी बांधला त्याच्या बरोबर उलट.

१२ एप्रिल २०१५, रविवार, दुपारची वेळ. २४ वर्षांचा एक मुलगा, स्टीअरिंगवर, गाडी लॅम्बोर्गिनी गॅलार्डो एलपी ५७०-४ सुपरलेजेरा. शेजारच्या सीटवर ३६ वर्षांचा इन्स्ट्रक्टर. मुलाचा ताबा सुटला, गाडी फिरली आणि उजवी बाजू, म्हणजे इन्स्ट्रक्टरची बाजू, लोखंडी गार्डरेलवर जाऊन आदळली. इन्स्ट्रक्टर जागीच गेला. मुलगा किरकोळ जखमांवर वाचला. दोघांची नावं तेव्हा सगळीकडे छापून आली होती, मी इथे मुद्दाम घेत नाही, एक तर गेला आणि दुसरा जन्मभर ते घेऊन जगणार, अजून किती वेळा गूगलमध्ये यायचं त्यांनी.

तेव्हाच्या कमेंट मी वाचल्या त्या ठरलेल्या होत्या, श्रीमंती माज, नवशिक्याला सुपरकार कशाला देता, चोवीस वर्षांचं पोरगं, वगैरे. मला हे पटत नाही. त्या धंद्याची जाहिरातच नवशिक्याला बोलावते, शंभरातले नव्व्याण्णव नवशिकेच येणार, मग नवशिक्याकडून चूक होणं हा अपघात नाही तर रोजचा इनपुट आहे. प्रेसवर काम करणारा माणूस कधीतरी हात आत घालणारच हे धरूनच आपण गार्ड लावतो ना, का त्याने घालू नये अशी पाटी लावून घरी जातो?

तरी गाडीबद्दल थोडं सांगायला पाहिजे कारण चूक किती पटकन होते ते गाडीवर ठरतं. गॅलार्डो सुपरलेजेरा म्हणजे ५.२ लिटरचं व्ही-टेन इंजिन, ५७० हॉर्सपॉवर, सीटच्या मागे आडव्या नाही तर उभ्या बसवलेलं, चारही चाकांना ड्राइव्ह, कोरडं वजन १३४० किलो कारण जिथे तिथे कार्बन फायबर, शून्य ते शंभर ३.४ सेकंदात. आपल्या रोजच्या गाडीत इंजिन पुढे असतं त्यामुळे वळणावर जास्त स्पीडने गेलं की गाडी सरळ बाहेर जायला बघते आणि आपण घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की बिचारी परत लायनीवर येते, वर्षानुवर्षं आपल्या पायाला हेच शिकवलेलं असतं की घाबरलास तर पाय काढ. मधे इंजिन असलेल्या गाडीत वळणाच्या ऐन मध्यावर पाय काढला तर वजन एकदम पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग पुढच्याला ओव्हरटेक करायला निघतो. म्हणजे जी सवय पुणे-नाशिक रोडवर जीव वाचवते तीच इथे गाडी फिरवते. ऑल व्हील ड्राइव्ह ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मदत करते, पाय काढल्यावर तिचा फार उपयोग नाही. त्या दिवशी मुलाने नेमकं हेच केलं असं मी म्हणत नाहीये, मी एवढंच म्हणतोय की अशा गाडीत नवशिक्याचा ताबा सुटण्याची ही सगळ्यात साधी वाट आहे आणि कुठल्याही इन्स्ट्रक्टरला ती पाठ असते.

आणि स्पीड. समजा १६० आहे, म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. घाबरून भानावर यायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात अर्ध्या फुटबॉल ग्राउंडच्या जवळपास गाडी गेलेली असते. १६० ची टक्कर म्हणजे साधारण १०० मीटर उंचीवरून खाली पडणं, तीस मजली बिल्डिंग समजा, हे गणित मी दोनदा करून बघितलं कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

आता मुख्य गोष्ट, रेलिंग. हायवेला असतो तोच नागमोडी पत्रा, दोन उंचवटे मध्ये खोलगट. हा पत्रा एकसंध नसतो, तुकड्यातुकड्यांचा असतो आणि तुकडे एकमेकांवर चढवून बोल्ट मारलेले असतात, कौलं चढवतात तसे. यातली सगळी अक्कल चढवण्याच्या दिशेत आहे. गाडी ज्या दिशेने येणार त्या दिशेला पत्र्याची उघडी कड दिसता कामा नये, अलीकडचा तुकडा पलीकडच्या तुकड्याच्या वर पाहिजे, म्हणजे गाडी घासत जाते, स्पार्क उडतात, रंग जातो, पण माणूस वाचतो. मासा साफ करताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतो आणि उलटा फिरवला की खवले हातात घुसतात, अगदी तसं. आणि जिथे रेलिंग संपतं किंवा फट ठेवलेली असते तिथे तर दिशा म्हणजे सगळंच. सरळ दिशेने येणाऱ्या गाडीच्या दृष्टीने जे रेलिंगचं मागचं टोक आहे, त्याला कोणी फारसं झाकत नाही, गरजच नसते, तिथे गाडी येणारच नाही समोरून. दिशा उलटी केली की तेच शेपूट डोकं होतं. डिस्नेवर गाडी रेलिंगच्या अंगावर नाही तर अशा टोकावर गेली, आणि पत्र्याचं टोक हे भिंत नसतं, ते पातं असतं, अख्ख्या गाडीची ताकद तळहाताएवढ्या जागेत. दरवाजातला कार्बन फायबर त्याला काय अडवणार.

हे काही नवीन ज्ञान नव्हतं हो. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेन ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर फ्रांस्वा सेव्हेर आणि पुढच्याच वर्षी त्याच ट्रॅकवर हेल्मुट कोइनिग, दोघंही याच प्रकारच्या पत्र्याच्या बॅरिअरने गेले. त्यानंतर टायरच्या भिंती आल्या, टेकप्रो नावाचे धक्का शोषणारे ठोकळे आले, अमेरिकेतल्या ओव्हलवर फोमवाली सेफर भिंत आली. तरी नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये रोमां ग्रोझाँची फॉर्म्युला वन गाडी १९२ च्या स्पीडने पत्रा फाडून आरपार गेली, तो २७ सेकंद आगीत होता आणि हालो नावाची ती डोक्यावरची कमान नसती तर संपलाच होता. त्याच्याकडे हालो, कार्बनचं कवच, सहा पट्ट्यांचा बेल्ट, गळ्याला हान्स नावाचं मान सांभाळणारं कवच, फायरप्रूफ कपड्यांचे थर. हौशी लोकांसाठीच्या धंद्यात इन्स्ट्रक्टरकडे काय असतं तर हेल्मेट, शोरूममधून आली तशी सीट, आणि टी-शर्ट.

शॉपफ्लोअरच्या भाषेत याला आम्ही चेंज मॅनेजमेंट म्हणतो आणि नव्या पोरांना त्याचा भयंकर कंटाळा येतो. मशीन तेच, माणूस तोच, गार्ड तोच, फक्त मटेरियल डावीकडून यायचं ते उजवीकडून यायला लागलं, लेआउट बदलला, कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं की यात काय एवढं, आणि आता जो गार्ड ऑपरेटरच्या आणि डायच्या मध्ये होता तो ऑपरेटरच्या पाठीमागे आहे. ऑडिटमध्ये ‘गार्ड आहे का’ या कॉलमला टिक लागते. खरंच लागते, मी पाहिलीय, एकदा माझ्याच सहीची होती, नशीब की कुणाचं बोट जायच्या आधी एका जुन्या फिटर काकांनी दाखवलं. त्यामुळे डिस्नेची केस वाचताना मला त्या मुलाचा राग नाही आला, त्या टिकचा आला.

काय करता आलं असतं? फार काही नाही, हेच तर वाईट वाटतं. एक तर दिशा सरळ ठेवायची. नाही ठेवायची तर ज्या दिवशी दिशा फिरवली त्या दिवशी एका माणसाने गाडी घेऊन ताशी २० ने उलटी फेरी मारायची, प्रत्येक फटीपाशी थांबायचं, आणि इथून गाडी सुटली तर कुठे जाईल हे बघायचं. उघड्या टोकांपुढे टायरच्या बांधलेल्या गठड्या नाहीतर वाळूचे किंवा पाण्याचे ड्रम, जे हायवेच्या फाट्यावर असतात तेच. जिथे टोक आहे त्याच्या बरंच आधी ट्रॅफिक कोन लावून लाइन अशी अरुंद करायची की स्पीड घ्यायला जागाच राहू नये. यातलं कशालाही लॅम्बोर्गिनीच्या एका ब्रेक डिस्कपेक्षा जास्त पैसे लागत नसावेत.

इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवायचंच कशाला हाही प्रश्न आहे आणि यावर त्या धंद्यातल्या लोकांमध्ये खरंच दोन तट आहेत. काही ठिकाणी पुढे एक गाडी इन्स्ट्रक्टरची आणि मागे तुम्ही, कानात वॉकीटॉकी, म्हणजे स्पीड आपोआप पुढच्याच्या हातात राहतो. पण शेजारी बसवलं की गिऱ्हाईक निवांत असतं, शिकतं पटकन, आणि रस्ता चुकायची भीती नाही. बऱ्याच ठिकाणी त्याच्या बाजूला ब्रेकचं पेडलही नसतं, आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलच्या साध्या वॅगन-आरला असतं आणि ५७० हॉर्सपॉवरला नाही. त्याच्याकडे असतो आवाज आणि डावा हात.

फॉर्मवर सही घेतलेली असतेच की, असं कोणी म्हणेल. हो, असते, मीही केली, वाचली नाही, तुम्हीही वाचणार नाही. पण ती सही म्हणजे सगळ्यांना सुटका असं नसतं. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फाँटानाला फेरारी क्लबच्या ट्रॅक डेला पोर्शा करेरा जीटी काँक्रीटच्या भिंतीवर गेली, पिटमधून हळू बाहेर पडणाऱ्या फेरारीला चुकवताना, चालवणारा आणि शेजारी बसलेला दोघंही गेले. शेजारी बसलेल्याच्या बायकोने केस केली. २००७ मध्ये साधारण ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि ती कशी वाटली गेली बघा, सुमारे ४९ टक्के चालवणाऱ्याच्या इस्टेटीने, ४१ टक्के ट्रॅकवाले आणि क्लब मिळून, ८ टक्के पोर्शाने, २ टक्के फेरारीच्या ड्रायव्हरने. सह्या झालेल्या होत्या तरी. म्हणजे चालवणाऱ्याची चूक निम्मी धरली तरी उरलेली निम्मी भिंत कुठे होती, गाडी आत कोणी सोडली, गाडी कशी बनवली होती, यातच होती. डिस्नेच्या केसला हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, तिथे गेलेला माणूस कामावर होता आणि अमेरिकेत कामगाराच्या नुकसानभरपाईचे कायदे वेगळ्याच वाटेने जातात, पण चूक एका माणसाच्या पायात शोधू नका हे मला त्या टक्केवारीत दिसतं.

डिस्नेचा ट्रॅक तसाही बंदच होणार होता, हे आधीच जाहीर झालेलं होतं, पार्कच्या रस्त्यांच्या आणि पार्किंगच्या कामासाठी जागा हवी होती. ॲक्सिडेंटनंतर काही महिन्यांतच, २०१५ च्या उन्हाळ्यात, तो बंद झाला आणि पुढे पाडला. तीन-चार महिने फक्त. मला हे वाचून कसंतरीच झालं.

आपल्याकडे सुपरकारवाले आहेत, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात, चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला ट्रॅक डे होतात. तिथल्या आयोजकांना विचारायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे आणि तो गाडीचा नाही, ट्रॅक बांधला त्याच दिशेने फिरवणार का एवढाच. आणि ज्यांना ट्रॅकशी काही घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी, पुढच्या वेळी हायवेवर राँग साइडने येणारा बाइकवाला दिसला की डिव्हायडरच्या पत्र्याकडे बघा, सगळे खवले त्याच्या तोंडाकडे असतात.

तर मी गेलो का? गेलो. बायकोला ही केस सांगितली तर ती म्हणाली, “पैसे परत मिळणार नाहीत अरे, आणि तुला जायचंय हे मला दिसतंय, उगाच माझ्या तोंडून नाही म्हणवून घेऊ नकोस.” गेल्यावर आधी पंधरा मिनिटांचा क्लास झाला, मग एका एसयूव्हीत बसवून ट्रॅक दाखवायला फेरी मारली आणि त्या फेरीत बाकीचे लोक वळणं बघत होते, मी टोकं मोजत होतो. सरळ दिशा होती. फटींपुढे टायर होते. एका ठिकाणी नव्हते, मी विचारलं, तो म्हणाला तिथे स्पीड नसतो, आणि खरंच नव्हता, नंतर बघितलं.

हुराकानमध्ये बसल्यावर पहिला लॅप तर डावीकडच्या स्टीअरिंगशीच भांडण्यात गेला, आपल्याला उजवीकडे बसायची सवय असल्याने मी गाडी सारखी उजव्या कडेला नेत होतो, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या बाजूला, आणि तो शांतपणे दर वेळी डावीकडे, डावीकडे म्हणत होता. वयाने माझ्याहून लहान असेल. चौथ्या लॅपला एका वळणात जरा जास्तच गेलो आणि पाय निघाला, कळायच्या आत निघाला, पोटात काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि तेवढ्यात स्टॅबिलिटी कंट्रोलने सावरलं असावं. तो काही बोलला नाही. पुढच्या वळणाला फक्त म्हणाला, आधी ब्रेक, मग वळण, मग पाय तसाच.

नंतर काउंटरवर व्हिडिओ विकतात, घेतलाच, कोण नाही घेत. कॅमेरा माझ्या तोंडावर आहे आणि मी पाचही लॅप येड्यासारखा हसतोय, त्या चौथ्या लॅपलासुद्धा. त्याचं तोंड फ्रेममध्ये येतच नाही. डाव्या कडेला फक्त त्याचा डावा हात दिसतो, स्टीअरिंगच्या खाली चार बोटं अंतरावर, कशालाही न टेकवता, पूर्ण वेळ तसाच.